गोव्यातल्या दगडी हत्यारांच्या जागेवरची माती कशी वाचायची

हत्यारं बनवणाऱ्यांच्या काळात तिथे पाणी, झाडी, पाऊस कसा होता ते मातीच्या थरांवरून ओळखायचं आहे. पहिलं म्हणजे कुदळ घरी ठेवा, परवानगीशिवाय खोदलं तर गुन्हा आहे आणि तशी गरजही नसते, नदीने कापलेली दरड आयती मिळते. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की जा. दरड थोडी साफ करायची किंवा सॅम्पल घ्यायचं तरी पुरातत्त्व खात्याला आणि जमीनवाल्याला विचारूनच.

दरडीच्या फोटोत मापाची टेप दिसली पाहिजे. मग खालून वर एकेक थर लिहीत जायचं. दगड गोल आहेत का, चपटे असतील तर एकावर एक रेलून एकाच बाजूला कललेत का, तसं असेल तर वाहत्या नदीचं काम. टोकदार, लहान-मोठे सगळे कसेही मिसळलेले असतील तर डोंगरउतारावरून घसरून आलेत. बारीक मातीसाठी चिमूटभर ओली करून तळहातावर वळून बघा, बारीक वळी न तुटता झाली तर चिकणमाती, म्हंजे पाणी तिथे थांबलं होतं, पुराचं किंवा तळ्याचं. वळतच नाही आणि खरखरते ती वाळू.

हत्याराची धारही बघायचीच! घासून बोथट झाली असेल तर ते वरून वाहत आलंय, मग तो थर हत्यार बनवणाऱ्याच्या काळाचं काही सांगत नाही.

आता इथली खास भानगड, लाल रंग. लाल माती दिसली की लोक लगेच लिहितात, तेव्हा पाऊस भरपूर होता. अहो, पठाराचा जांभा त्याच्या कितीतरी आधी तयार झालाय, तोच झिजून पायथ्याला येऊन बसतो, रंग जुनाच घेऊन. त्यामुळे मी तरी नुसत्या रंगावर कधीच विश्वास ठेवत नाही.

ही माती आम्लधर्मी, हाडं विरघळतात, आणि हवा लागत असल्याने परागकणही फारसे टिकत नाहीत. म्हणून लॅबमध्ये फायटोलिथ बघायला सांगा, गवत-झाडांच्या पेशींत साचलेली सिलिका असते ती, टिकते. खाजनाच्या (बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतांच्या) बाजूचा काळा चिखल मिळाला तर मात्र लॉटरी, हवा पोचत नाही म्हणून पराग राहतात आणि डायटमवरून (पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, सिलिकाच्या कवचाची) पाणी खारं होतं की गोडं तेही कळतं. पण आजचा किनारा डोक्यातून काढा, साधारण 20,000 वर्षांपूर्वी समुद्र 120 मीटर खाली होता, तेव्हा जुवारीचं आजचं मुख म्हणजे समुद्रापासून लांब आत.

वय काढायला जळक्या लाकडाचा कोळसा चालतो (रेडिओकार्बन पद्धत) पण साधारण 50,000 वर्षांपर्यंतच. त्याच्या मागे जायचं तर वाळूचं ओएसएल (प्रकाशाने वय मोजायची पद्धत), कणांनी शेवटचा उजेड कधी बघितला ते मोजतात, म्हणून स्टीलचा पाईप ठोकून आत घालायचा, काढल्याबरोबर दोन्ही तोंडं काळ्या प्लास्टिकने बंद. सॅम्पल खालच्या थरापासून घ्या, नाहीतर वरची माती खाली सांडून घोळ होतो.

उसगाळीमळच्या कोरीव चित्रांचं वय कोणी छातीठोक सांगितलं तर विचारा, कुठल्या थरावरून? कुशावती नदीच्या काठचा तो उघडा कातळ आहे, माती शेजारच्या काठावर शोधावी लागेल आणि ती चित्रांआधीची की नंतरची तेही वेगळं सिद्ध करावं लागेल.