दानपेटीतली चिल्लर यंत्रात घालण्याआधी

दानपेटीतली नाणी मोजणी यंत्रात सरसकट ओतू नका. बरीच यंत्रं नाणं व्यासावरून ओळखतात आणि घोळ तिथेच होतो. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मिलिमीटरचं, २०१९ च्या मालिकेतलं पाचचंही २५ चंच. उलट २०११ चं पाचचं आणि २०१९ चं दोनचं, दोन्ही २३. म्हणून पिवळी पाचची नाणी आधी हातानेच वेगळी काढा. काम कंटाळवाणं, पण हिशेब चुकण्यापेक्षा बरं. मग यंत्राची बॅच, म्हणजे एका वेळी मोजायच्या नाण्यांची संख्या, १०० वर ठेवून नाणी बाहेर पडतात त्या तोंडाला पॉलिथिनची पिशवी अडकवा. एक-दोनची नाणी बँकेत देताना शंभराच्या पिशव्या सोयीच्या, असं रिझर्व्ह बँकही सांगते. तेल-कुंकू लागलेली नाणी मात्र पुसूनच घाला, नाहीतर सेन्सर रुसतो.