रात्रपाळी, कंबरदुखी आणि एप्रनच्या खिशातली गोळी

खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून नर्सिंग पूर्ण करून बेळगावातल्या एखाद्या खासगी रुग्णालयात पहिल्यांदाच कामाला लागणाऱ्या मुलींसाठी मी हे लिहीत आहे. शीर कशी शोधावी, चार्ट कसा भरावा, हँडओव्हर कसा द्यावा हे तुम्ही शिकून आलेल्या आहात. मात्र पहिल्या वर्षात स्वतःच्या शरीराचे काय होते हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मार्च 2024 मध्ये मी स्वतःच रक्ताची पिशवी लावून खाटेवर पडले होते.

मी जुलै 2023 मध्ये रुजू झाले. त्याआधी महिनाभर, 11 जूनपासून, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेखाली महिलांचा बसप्रवास मोफत झाला होता. त्यामुळे बेळगावात खोली घेण्याऐवजी गावाहून ये-जा करायची आणि भाड्याचे पैसे वाचवायचे, असे घरात ठरले. या हिशेबात माझी झोप कोणीच धरली नव्हती, मीही नाही. रात्री आठच्या ड्यूटीसाठी साडेपाचला घर सोडावे लागे. सकाळी हँडओव्हर संपेपर्यंत पावणेनऊ होत आणि खानापूरपर्यंतचे सुमारे 26 किलोमीटर व पुढे गावाची बस धरून घरी पोचेपर्यंत अकरा वाजून जात. भातलावणीच्या दिवसांत घरची सगळी माणसे चिखलात उभी असताना आपण अंथरुणात पडावे हे मला सहन होत नसे, म्हणून दोन तास डोळा लागला की मीही शेतात उतरत असे. या बाबतीत माझे मत आता ठाम आहे. अनगोळ, वडगाव, टिळकवाडी, जिथे परवडेल तिथे दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी आणि निदान नाइटच्या आठवड्यात तरी घरी जाऊ नये. आईला वाईट वाटते, हे खरे आहे. तरीही जाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वॉर्डातल्या काही खाटा जुन्या आणि बुटक्या होत्या, दोन खाटांचे उंची वाढवायचे दांडे हरवलेले होते. हाड मोडलेल्या रुग्णाला कुशीवर करताना मी एकटीच वाकून ओढत असे आणि पहिल्याच महिन्यात कंबर धरली. एका सिनिअर सिस्टरने मायेने एप्रनच्या खिशातून डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोळी काढून दिली. अर्ध्या तासात बरे वाटले. त्यानंतर मी स्वतःच पट्टी खिशात ठेवू लागले आणि पुढचे सात महिने दिवसाला एक, नाइट असेल तर दोन, अशा गोळ्या घेत राहिले.

हे थोडे विस्ताराने सांगते, कारण मी अडाणीपणाने गोळ्या घेत नव्हते, अर्धवट ज्ञानाने घेत होते. काही खाऊन घेतली की गोळी बाधत नाही, असे मला वाटे. पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा सकाळी आम्लपित्ताची गोळी घेऊ लागले आणि जळजळ थांबली म्हणजे पोट सुरक्षित आहे असे धरून चालले. शेवटी दोन-तीन वेळा मैत्रिणीकडून इंजेक्शन घेतले, कारण इंजेक्शन पोटात जातच नाही, मग पोटाला काय होणार? हे तिन्ही समज मला महाग पडले. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा थर ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे टिकतो, ती तयार होण्याची क्रियाच हे औषध दाबते. वेदना कमी होते तीही त्याच कारणाने. औषध रक्तातून काम करते, म्हणून ते तोंडाने घ्या, दंडात घ्या किंवा गुदमार्गे घ्या, जठराचे संरक्षण कमी व्हायचे ते होतेच. जेवणाने तात्पुरती जळजळ कमी होते, जखमेचा धोका जात नाही. आम्लपित्ताच्या गोळीने धोका खरोखर कमी होतो, पण संपत नाही, आणि त्रास जाणवेनासा झाला की आपण बेफिकीर होतो. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही याच द्रव्यांवर अवलंबून असतो. नाइटला बाथरूमला जायला सवड मिळत नाही म्हणून पाणीच न पिणारी मी एकटी नव्हते.

आणखी एक चूक झाली, ती मला आजही लागते. दम लागतो म्हणून मी आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. फेब्रुवारीत शौचास काळे होऊ लागले तेव्हा ते लोहामुळेच, असे मी ठरवून टाकले. लोहाने काळे होते हे खरे आहे, पण जठरातून रक्त जात असेल तर मल डांबरासारखा चिकट, चकचकीत आणि अतिशय दुर्गंधीचा असतो. हाच प्रश्न मी रोज रुग्णांना विचारत होते, स्वतःला मात्र एकदाही विचारला नाही.

बैलहोंगलकडच्या एक आजी पायाच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे होत्या. मी त्यांचे बी.पी. घ्यायला गेले की त्या आधी मलाच विचारत, ‘ऊटा आतेनव्वा?’ जेवलीस का बाई. मार्चमधल्या एका रात्री त्यांनी माझा हात धरला, पापणी खाली ओढून बघितली आणि मुलाला उठवून डॉक्टरांना बोलवायला लावले. हिमोग्लोबिन 6.8 निघाले, बाईमाणसाचे ते 12 तरी असावे लागते. दुर्बिणीतून तपासले तेव्हा जठरात जखम दिसली.

घाबरून जाऊ नका. अशी जखम वेळेवर सापडली तर औषधाने भरून येते. मला आठ आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या, वेदनाशामक कायमचे बंद झाले आणि उन्हाळा संपेपर्यंत मी पुन्हा जिने चढू लागले. नोकरी गेली नाही, हातातले कौशल्यही गेले नाही.

थकवा आला म्हणून ड्यूटीनंतर एकमेकींना ग्लूकोजची बाटली लावणे, ही पद्धतही मला मान्य नाही. पाच टक्क्यांच्या 500 मिलिलिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. तेवढ्यासाठी शिरेत सुई कशाला टोचून घ्यायची? रात्री दोनच्या सुमारास डब्यातली भाकरी आणि उसळ बसून खाल्ली तर त्याहून जास्त मिळते. मात्र बसून खायला मिळावे म्हणून शेजारच्या सिस्टरशी पाळी ठरवून घ्यावी लागते, आणि ते आठ वाजताच बोलून ठेवावे.

सिनिअर सिस्टरांकडून हाताचे काम जरूर शिका. अंगात बारा-पंधरा वर्षांचा सराव असलेली सिस्टर अंधारातही शीर शोधते, ते पुस्तकात मिळत नाही. पण ‘आम्हीसुद्धा असेच दिवस काढले’ हे वाक्य कोणी उच्चारले, तर तेवढ्यापुरते ऐकू नका. त्यांतल्या कितीजणींच्या कंबरेला पट्टा आहे, ते बघा.

पैशांचेही सांगते. माझा पगार 21,000 च्या आत असल्याने दरमहा त्यातून ई.एस.आय.चे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 0.75 टक्के कापले जात होते. तरीही दुर्बिणीच्या तपासणीचे पैसे मी उसने आणले, कारण माझे ई-पहचान कार्डच मी काढून घेतले नव्हते. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. पहिल्या पगाराची पावती हातात आली, त्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन आपला विमा क्रमांक विचारा. लाजू नका, ते पैसे तुमच्याच पगारातले आहेत.

कंबर अजून अधूनमधून धरते. फिजिओथेरपीचे व्यायाम चालू आहेत आणि खाटेचे दांडे मागणीअर्ज दिल्यावर चौथ्या महिन्यात आले. आता मी आधी दांडा फिरवून खाट कमरेइतकी वर घेते, रुग्णाखालच्या चादरीचे एक टोक आयाबाईंच्या हातात देते आणि मगच त्याला कुशीवर करते. आयाबाई दुसऱ्या खोलीत असतील तर त्या येईपर्यंत थांबते.