लॉजच्या हीटरला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट: कोणता घ्यायचा, वीज कशी द्यायची

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्या दिवसांत लॉजमधले हीटर रात्रभर चालतात. पाहुणे सकाळी पॉइंट बघायला बाहेर पडतात, हीटर मात्र चालूच. थर्मोस्टॅट म्हणजे खोलीचं तापमान बघून हीटर आपोआप चालू-बंद करणारी डबी; वेळापत्रकावर चालणारा थर्मोस्टॅट ही गळती थांबवतो. फक्त खरेदी वाय-फाय आणि टचस्क्रीन बघून करू नका.

आधी लोड काढा. वॅटला २३० ने भागा: २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. मग थर्मोस्टॅटच्या पाठीवरचं लेबल वाचा. बाहेरून हुबेहूब दिसणारं मॉडेल ३ अँपिअरमध्येही येतं आणि १६ मध्येही. ३ वालं गरम पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी असतं. त्याच्यावर हीटर टाकला की आतल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचे) पॉइंट वितळून चिकटतात. स्क्रीनवर ‘बंद’ दिसतं आणि हीटर तापतच राहतो. १६ वाल्यावरही १२-१३ अँपिअरच्या वर कायमचा लोड नको. शिवाय एवढा करंट आतून गेला की डबी स्वतःच तापते, सेन्सर जास्त आकडा दाखवतो आणि खोली गारच राहते.

म्हणून २ किलोवॅटपर्यंत थेट जोडा, त्यापुढे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा दणकट स्विच, लावाच. डायनिंग हॉलमध्ये ९ किलोवॅटचे थ्री-फेज हीटर असतील, तर दर फेजला १३ अँपिअर येतात. एसी-१ रेटिंगचा (हीटरसारख्या लोडसाठीचा) २५ अँपिअरचा थ्री-पोल कॉन्टॅक्टर पुरतो. थर्मोस्टॅट फक्त त्याची कॉइल (स्विच ओढणारी गुंडाळी) चालवतो. कॉइल २३० व्होल्टचीच मागा. ४१५ व्होल्टची चुकून आली, तर कॉन्टॅक्टर नुसता कुरकुरतो, नीट ओढत नाही. कॉइलच्या सर्किटला २ अँपिअरची वेगळी एमसीबी द्या. खोलीतल्या २ किलोवॅटच्या हीटरसाठी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असू द्या. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आता थर्मोस्टॅटला स्वतःला लागणारी वीज. घोळ होतो तो इथेच.

२३० व्होल्टच्या मॉडेलला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. जुन्या बोर्डात नुसती फेज आणि स्विचची वायर आली असेल, तर न्यूट्रल ओढून घ्या. अर्थिंगवर काम भागवू नका, आरसीसीबी ट्रिप होऊ शकते. अमेरिकेहून आणलेलं मॉडेल बहुधा २४ व्होल्ट एसीवर चालतं. त्याला ट्रान्सफॉर्मर आणि २४ व्होल्ट कॉइलचा रिले लागतो; थेट मेन्सवर लावलं तर ते गेलंच. सेलवर चालणाऱ्या मॉडेलला लाइट गेल्याचा त्रास नसतो, पण काहींचा रिले सेल संपताना होता त्याच अवस्थेत अडकतो. सीझन सुरू होताना नवे अल्कलाइन सेल घाला.

लाइट गेल्यावर घड्याळ चुकू नये म्हणून बरेच जण थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर घेतात. तसं करायचं तर थर्मोस्टॅटवर एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) खेरीज सीओएम-एनओ ही रिलेच्या स्विचची वेगळी जोडी हवी. वीज पूर्ण बंद करून, वायरी सोडवून, मीटरने एल आणि सीओएममध्ये कंटिन्युइटी तपासा. बीप वाजला तर दोन्ही आतून एकच आहेत, म्हणजे हीटरचा लोडही इन्व्हर्टरवरच येणार. त्यापेक्षा घड्याळाला बॅकअप सेल असलेलं मॉडेल घेतलं, तर ही भानगडच उरत नाही.

लाइट परत आली की दहा खोल्यांचे हीटर एकदम लागतात, २० किलोवॅटचा झटका. तो टाळायचा तर खोल्यांच्या हीटरलाही कॉन्टॅक्टर घ्या, दर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला ऑन-डिले टायमर (लाइट आल्यावर थोडं थांबून चालू करणारा) लावा आणि तीस-तीस सेकंदांचा फरक ठेवा.

थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवर बसवा. पडद्यामागे, गीझरच्या पाइपच्या भिंतीवर किंवा हीटरच्या डोक्यावर नको. थर्मोस्टॅटमागच्या वायरिंगच्या पाइपातून येणारा गार वारा सेन्सरला लागतो, म्हणून ते तोंड पुट्टीने बुजवा. ही गोष्ट हमखास राहून जाते.

सेटिंग: संध्याकाळी २१ अंश, झोपेच्या वेळी १८, चेकआउटनंतर १४. हीटर चालू आणि बंद होण्याच्या तापमानातला फरक १ अंश ठेवा. त्याहून कमी ठेवला तर रिले सतत कटकट करतो. वरची मर्यादा २४ वर लॉक करा, नाहीतर पाहुणे ३० करून ठेवतात आणि खिडकी उघडतात.

शेवटी हीटर खरंच बंद होतो का ते बघा: सेटिंग खोलीच्या तापमानापेक्षा ३ अंश खाली आणा आणि हीटरच्या फेजच्या वायरला क्लॅम्प मीटर (करंट मोजणारा) लावा. शून्य दिसायला हवं. पावसाळ्यातल्या दमटपणामुळे टर्मिनलवर हिरवट थर धरतो, सांधे ढिले होऊन जळतात. नोव्हेंबरमध्ये वीज बंद करून सगळे स्क्रू पुसून आवळून घ्या.