एथिक्स शिकवायचं तर आधी पोरांची जर्नलं उघडा

पीएचडीला नोंदणी झाली की रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा, तीस तासांचा कोर्स करावाच लागतो. यूजीसीने 2019 च्या शेवटी तो काढला आणि चांगलंच केलं. पण तोवर पोरगं चोवीस-पंचवीस वर्षांचं झालेलं असतं, अकरावीपासून एमएस्सीपर्यंत सात वर्षं त्याने प्रॅक्टिकलची जर्नलं लिहिलेली असतात आणि त्यातली किती रीडिंग खरी होती ते आपल्या सगळ्या शिक्षकांना माहीत असतं, कारण सर्टिफाय आपणच केलेली असतात. म्हणून बीएस्सी-एमएस्सीला हा विषय घ्यायचा असेल तर न्युरेम्बर्ग कोडची (माणसांवरच्या प्रयोगांच्या नियमावलीची) तारीख पाठ करून घेण्याआधी पोरांनी स्वतः लिहिलेलं जर्नल समोर ठेवा.

मी स्वतः एफवायला असताना टायट्रेशनची माझी तीन रीडिंग आली 9.8, 10.3, 10.1. सर म्हणाले सीबीआर (एकसारखं येणारं ब्युरेट रीडिंग) कुठंय. म्हटलं सर, आलाच नाही. मग लिही ना 10.1, 10.1, 10.1, त्यात काय एवढं. मी लिहिलं, दहापैकी नऊ मार्क मिळाले. आता मायक्रोबायोलॉजी शिकवताना मला पक्कं कळलंय की खोटा डेटा कसा बनवायचा हे मला त्या दिवशी शिकवलं गेलं, आणि तेही शाबासकी देऊन.

तर पहिलं काम मार्कांचं. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेची स्कीम आपल्या हातात नसते, इंटर्नल असते. अपेक्षित उत्तराच्या जवळ आलं म्हणून मिळणारे मार्क काढून टाका, ते मार्क कच्च्या वहीला द्या. वही पेनाने लिहायची, तारीख आणि वेळ टाकायची, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही. व्हाइटनर बंद. सुटे कागद बंद, कारण सुट्या कागदावरून फेअर करताना आकडे सुधारतात. आणि रीडिंग फसलं असेल तर का फसलं असेल यावर चार ओळी लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क. पहिले दोन महिने पोरं विश्वास ठेवत नाहीत, त्यांना वाटतं मॅडम परीक्षा घेतायत. फसलेल्या रीडिंगला खरोखर दहापैकी दहा पडलेले एकदा बघितले की बदल दिसायला लागतो, त्याआधी नाही.

आता जो तास मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय तो सांगते. मातीच्या सॅम्पलचा व्हायेबल काउंट, म्हणजे जिवंत जीवाणूंची मोजणी, सगळीकडे असतोच. एकाच डायल्युशनमधून तीन प्लेटींवर 0.1 मिली टाकायचं, इन्क्युबेट करायचं, कॉलनी (जीवाणू वाढून दिसणारे ठिपके) मोजायच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचचे आकडे फळ्यावर लिहा, पण नावं अजिबात लिहू नका. मग पोरांना सांगा की सरासरी 150 कॉलनी येत असतील तर कितीही काळजीपूर्वक काम केलं तरी निव्वळ योगायोगाने 12 इकडे-तिकडे व्हायचंच, साधारण 150 चं वर्गमूळ धरा, वर पिपेटिंगची चूक वेगळी. म्हणजे 138, 161, 149 असे आकडे येणार. आणि फळ्यावर काय असतं, 151, 152, 150. खाली 147, 148, 148. त्याखाली 155, 154, 155. एखाद्या बॅचला असं येऊही शकतं, ते स्पष्ट सांगायचं, कुणाकडे बोट दाखवायचं नाही. पण दहापैकी सात बॅचना तसं आलं तर फळाच बोलतो. पहिल्यांदा हा तास घेतला तेव्हा वर्गात कुणी काही बोलेना, मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, खरा आकडा असा वाकडातिकडाच असतो का? पोरं एक प्लेट मोजतात आणि बाकी दोन जुळवून टाकतात, आणि त्यात लबाडी करायचा हेतू बहुतेक वेळा नसतोच, त्यांना वाटतं जुळलेलं म्हणजे बरोबर. हा समज तिथल्या तिथे मोडायचा असतो.

लॅब नसेल तर नाणं घ्या. अर्ध्या वर्गाने खरंच शंभरदा उडवून छापा-काटा लिहायचा, उरलेल्यांनी मनाने शंभर लिहायचे, तुम्ही बाहेर थांबा आणि येऊन ओळखा. खऱ्या यादीत पाच-सहा छापे किंवा काटे सलग येतातच, मनाने लिहिणारा तीन-चारच्या पुढे जायला घाबरतो.

इथून मोठ्या केसेसवर जायला रस्ता मोकळा होतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक श्योन 2002 मध्ये पकडला गेला तो कशावरून, तर वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये नॉइज, म्हणजे रीडिंगमधला योगायोगाचा बारीक चढउतार, हुबेहूब सारखा निघाला. फळ्यावरच्या आकड्यांनंतर पोरांना हे समजावून सांगावंच लागत नाही. मग आपल्याकडची केस घ्या, पंजाब युनिव्हर्सिटीचे व्ही. जे. गुप्ता. हिमालयातल्या जीवाश्मांवर त्यांनी जवळजवळ पंचवीस वर्षं पेपर काढले, आणि 1989 मध्ये जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने नेचरमध्ये दाखवून दिलं की हिमालयातले म्हणून छापलेले बरेचसे नमुने न्यूयॉर्क, मोरोक्को अशा ठिकाणच्या जीवाश्मांशी जुळतात आणि ते नेमके कुठे सापडले त्या जागांचा धड पत्ताच लागत नाही. माझा इथला प्रश्न गुप्तांबद्दल नसतो, त्यांच्या डझनावारी सहलेखकांबद्दल असतो. त्यातल्या किती जणांनी ती जागा डोळ्यांनी बघितली होती? इथेच ऑथरशिपचा विषय काढायचा, एचओडी आहेत म्हणून नाव, स्पेक्ट्रो (लॅबमधलं यंत्र) वापरू दिला म्हणून नाव, हे सगळं. वर्गात खरा प्रोजेक्ट घ्या आणि कुणी काय केलं ते नावापुढे लिहायला लावा, कल्पना कुणाची, प्लेटी कुणी ओतल्या, लिहिलं कुणी. ज्याच्यापुढे काहीच येत नाही त्याचे आभार मानायचे, लेखक करायचं नाही. मुलं विचारतात, मॅडम, पण सरांना नाही कसं म्हणणार. प्रश्न खरा आहे. मी सांगते, काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून घ्या, शेवटी भांडणं फार कडू होतात.

बायोएथिक्सला सगळे अमेरिकेतला टस्कीगीचा अभ्यास सांगतात, सांगावंच, 1932 ते 1972, चाळीस वर्षं, पेनिसिलिन आल्यावरही सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना उपचार दिले नाहीत. पण ती केस ऐकून पोरं लगेच म्हणतात, किती वाईट माणसं, आणि विषय संपतो, त्यांना स्वतःला काही ठरवावंच लागत नाही. मला ज्यात ठरवावं लागतं अशी केस हवी असते आणि ती आपल्या मराठवाड्यातच आहे. उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास, 1999 पासून. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 समूह, चार गटांत वाटलेले. एका गटात एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची), दुसऱ्यात पॅप (पेशींची तपासणी), तिसऱ्यात व्हिनेगर लावून तपासणी, आणि चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त नेहमीची सेवा आणि माहिती. आठ वर्षांनी हिशोब निघाला, एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात 64, आणि दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. 2009 मध्ये हे छापून आलं आणि जगभर एचपीव्ही टेस्टकडे वळण्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. आणि याच चौथ्या गटावरून पुढे जोरदार वाद झाला.

हा तास असा घ्या. वर्ग दोन भागांत करा, बाजू तुम्ही वाटा, त्यांना निवडू देऊ नका. एक बाजू म्हणेल जिल्ह्यात तपासणी नव्हतीच, तेव्हा कुणाकडून काही काढून घेतलं नाही, आणि तुलना केल्याशिवाय सरकार पैसे कशावर घालणार. दुसरी म्हणेल तपासणीने जीव वाचतात हे कित्येक दशकं माहीत होतं, मग हजारो बायका तपासणीशिवाय का ठेवल्या. वीस मिनिटांनी बाजू बदला. बदलल्यावर खरं काम सुरू होतं, कारण मघाशी स्वतःच मांडलेला मुद्दा आता स्वतःलाच खोडायचा असतो. तुमचं मत पहिल्या अर्ध्या तासात सांगू नका, एकदा मॅडमचं मत कळलं की वर्ग तिकडे झुकतो. माझं मत असं की चौथ्या गटातल्या बाईला शेजारच्या गावात तपासणी होतेय, आपल्या गावात नाही, आणि का नाही, हे तिच्या बोलीत कळायलाच हवं, त्याहून खाली जाताच येणार नाही. पण हे मी तास संपताना सांगते आणि ज्यांना पटत नाही त्यांना लिहून आणायला लावते.

त्याला जोडून संमतीपत्र. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात 2009-10 मध्ये मुलींना एचपीव्हीची लस देणारा प्रकल्प झाला, तिथे बऱ्याच संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी होस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या, आणि संसदीय समितीने 2013 च्या अहवालात कडक शब्दांत लिहिलं. लस चांगली आहे, मुलींना द्यायलाच हवी, हे त्याच तासात ठणकावून सांगा, नाहीतर पोरं भलताच अर्थ घेऊन घरी जातात. मग प्रत्येकाला संमतीपत्र लिहायला द्या. आमच्याकडे एका मुलाने लिहिलं होतं, "सहभागी व्यक्तीच्या रक्तशर्करेचे निर्धारण करण्यात येईल". म्हटलं घरी जा, आजीला वाचून दाखव, तिला काय कळलं ते तिच्याच शब्दांत लिहून आण. आजीला वाटलं साखर वाटणार आहेत. तिसऱ्या खेपेला त्याने आणलं ते असं, "तुमच्या बोटाला सुई टोचून दोन थेंब रक्त घेऊ, थोडं दुखेल. साखर किती आहे ते तुम्हाला त्याच दिवशी सांगू. नको वाटलं तर नाही म्हणा, मध्येच थांबवलंत तरी चालेल, दवाखान्यात तुम्हाला काही कमी पडणार नाही." हे मी अजून जपून ठेवलंय. शाळकरी पोरांचा अभ्यास असेल तर आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांप्रमाणे सात ते बारा वयाच्या मुलाला तोंडी विचारायचं, बारा ते अठरा असेल तर त्याचंही लेखी, आणि पालकांची सही वेगळी. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) काम करणाऱ्या पोरांना एक गोष्ट जास्तीची सांगा, रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार ते आधी ठरवा, कारण गावात कळलं तर त्या मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते. आणि एथिक्स कमिटीची परवानगी एमएस्सीच्या छोट्या प्रोजेक्टलाही लागते, सॅम्पल घेऊन झाल्यावर मागायची नसते.

प्लेजरिझमवर, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्यावर, फार वेळ घालवू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर दंड नाही एवढंच पोरांच्या डोक्यात बसलंय, मग ती शब्द बदलत बसतात आणि कल्पना दुसऱ्याची ती दुसऱ्याचीच राहते. चॅटजीपीटीकडून लिहून आणलेल्या रिव्ह्यूचं मी एवढंच करते, प्रत्येक संदर्भाचा मूळ पेपर उघडून दाखवायला लावते. नसलेले पेपर पहिल्या दहा मिनिटांत सापडतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. कुणी येऊन म्हणालं की मॅडम, आमच्या बॅचने आकडे बनवले, तर त्याला शिक्षा नाही, तो प्रयोग परत करायला वेळ मिळेल, प्लेटींसाठी मीडिया (जीवाणू वाढवायचं खाद्य) मिळेल, मार्क कापले जाणार नाहीत. आणि ते पाळा, लॅब असिस्टंट वैतागले तरी पाळा. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन बॅच आल्या होत्या, शनिवारी दुपारी थांबून त्यांनी प्लेटी परत ओतल्या. आकडे आले 129, 158, 140.