यार्डातून निघण्याआधी लाइटचा बिघाड सापडला तर

ट्रेलरवर नवीन लागलेल्या मुलांना मी सगळ्यात आधी लाइट तपासायला शिकवतो. गिअर आणि ब्रेक हळूहळू हाताखाली बसतात, पण बंद पडलेला टेल लॅम्प केबिनमधून कधीच दिसत नाही. न्हावा शेव्यातून कंटेनर उचलायचा आणि चाकणला पोचवायचा, हे माझं काम. पुढचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिन-केबिनची गाडी, माझ्या ताब्यात असतो, मागचा ट्रेलर मात्र दर खेपेला वेगळा. तो आधी कुणी चालवला, मागे घेताना कुठे घासला, हे सांगायला कुणी थांबत नाही. म्हणून बिघाड बहुतेक वेळा मागेच निघतो.

गाडीभोवती फेरी मारताना हातात फडकं ठेवा. पावसाळ्यात अर्ध्या तक्रारी नुसत्या चिखलाच्या असतात. काच पुसली की लाइट ठीक. पार्किंग लाइट लावून मागचे दोन्ही दिवे आणि नंबर प्लेटचा बल्ब बघा, मग अप्पर-डिपर, मग दोन्ही बाजूंचे इंडिकेटर. ब्रेक लाइटसाठी कुणाला तरी मागे उभं करा. कुणीच नसेल तर गाडी भिंतीला पाठ करून लावा आणि पायडल दाबून आरशात लाल उजेड दिसतो का ते बघा. एक लक्षात ठेवा: काही गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच हवेच्या दाबावर चालतो. ब्रेकच्या टाकीत हवा भरण्याआधी तपासलंत तर चांगला लाइटही बंद वाटेल.

बिघाड दिसला की लगेच बल्ब बदलायला धावू नका. आधी काय काय बंद आहे ते नीट बघा, त्यावरून अर्धं निदान होतं. एकच दिवा बंद असेल तर बल्ब किंवा होल्डर. एका बाजूचे सगळे पार्किंग गेले असतील तर फ्यूज, कारण बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळे फ्यूज असतात. घोड्याचे सगळे लागतात आणि ट्रेलरचा एकही लागत नाही, म्हणजे घोड्यातून ट्रेलरला करंट नेणारी सात पिनची केबल. ती काढून पिना बघा. हिरवट गंज चढलेला असतो किंवा एखादी पिन आत दबलेली असते. पॉलिश पेपरने घासा, सॉकेट घट्ट बसवा, झाकणाची कडी लावा. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर मारत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात फसवा बिघाड अर्थचा, म्हणजे करंट चेसिसमधून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) परत नेणाऱ्या जोडणीचा. इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही लुकलुकतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद पेटतो. नवीन माणूस इथे चार बल्ब बदलतो आणि काही फरक पडत नाही. करंटला चेसिसमधून परतायची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून हे होतं. अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने धरली आहे तिथला गंज आणि रंग खरवडून बोल्ट आवळा. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

बल्ब घेताना त्यावर 24 व्होल्ट लिहिलंय ना ते वाचा. आपल्या गाडीला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. कारचा बल्ब लावला तर लगेच उडतो. ब्रेक आणि टेल एकत्र असलेल्या बल्बच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात. तो एकाच दिशेने बसतो, जोर करून उलटा बसवू नका. हेडलाइटच्या हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथे तुमचं काम संपलं, वायरमनला बोलवा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधणारे मी पाहिलेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तार उडत नाही, पण वायरिंग जळतं आणि केबिन पेटू शकते.

आता अवघड भाग. वायरमन यायला वेळ आहे, बंदराच्या गेटची वेळ जवळ आलीय आणि सुपरवायझर म्हणतो, "अरे, दिवसच आहे, काढ गाडी. चाकणला बदलून घे." अशा वेळी आवाज न चढवता सांगा, "साहेब, ब्रेक लाइट लागत नाहीये. वायरमन आला की लगेच निघतो." फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाका, म्हणजे वेळेची नोंद राहते. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 माहीत असू द्या: बिघाड माहीत असताना किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशा अवस्थेत गाडी चालवणं गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणून सुटका होत नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. खंडाळ्याच्या घाटात जुलैत धुकं उतरलं की त्यातले पहिले पन्नास मीटर दिसले तरी पुष्कळ, आणि आपल्या मागून उतारावर भरलेली गाडी येत असते. ब्रेक लाइट, टेल लॅम्प किंवा हेडलाइट बंद असताना मी गाडी हलवत नाही, दिवस असो वा रात्र. नंबर प्लेटचा बल्ब पाच मिनिटांचं काम आहे, तोही लावूनच निघतो.

डब्यात 21 वॉटचे, 21/5 चे (ब्रेक-टेल एकत्र) आणि 5 वॉटचे बल्ब, हेडलाइटचा एक, फ्यूज, टेप, पॉलिश पेपर आणि टेस्ट लॅम्प (वायरीत करंट येतो का ते बघायचा दिवा) ठेवा. वाटेत दिवा गेला तर जिथे गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेता येईल अशाच जागी थांबा, चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा.

चाकणला ट्रेलर सोडताना वहीत नुसतं ‘लाइट खराब’ लिहू नका. ट्रेलरचा नंबर, ‘मागचा डावा इंडिकेटर, होल्डर गंजलेला, तात्पुरता साफ केलाय’, असं लिहा. पुढच्या ड्रायव्हरला फेरी मारताना आधी तिथे बघता येतं आणि वायरमनलाही होल्डर सोबत घेऊन येता येतं.