आधी ठरलेल्या तारखा, मग आपला वेळ

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचे हिशेब सांभाळणाऱ्याचा दिवस बहुधा दुसरेच लोक ठरवतात. सौदे, बँकेची कामे, ट्रकवाल्यांची घाई यांतून उरेल त्या वेळात स्वतःचे काम उरकायची सवय लागली, की महत्त्वाचे काम रोज उद्यावर जाते. म्हणून दिवस आखताना प्रथम आपल्या हातात नसलेल्या गोष्टी वहीत लिहाव्यात.

त्यांत कायद्याने ठरलेल्या तारखा सर्वांत पक्क्या असतात. मार्च वगळता इतर महिन्यांत कापलेला टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापून घेतलेला आयकर, पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा लागतो. जीएसटीचे विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची मुदत ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (एकत्रित गोषवारा व कराचा भरणा) ची २० तारीख असते. या तारखांवरून उलटे मोजत यावे. जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, १४ तारखेला तयार होते आणि त्यानंतरच खरेदीच्या बिलांचा पूर्ण ताळा घालता येतो, त्यामुळे १५ आणि १६ तारखेची सकाळ महिन्याच्या सुरुवातीलाच त्या कामासाठी राखून ठेवावी. १९ तारखेला एखाद्या व्यापाऱ्याचे बिल दिसत नसल्याचे लक्षात आले, तर त्याला गाठायला वेळच उरत नाही.

डोके लावून करायचे काम सौद्यांची गडबड सुरू होण्यापूर्वी घ्यावे, आणि वहीत 'हिशेब' एवढेच न लिहिता, 'कालच्या बेदाण्याच्या पट्ट्या नोंदवून बँकेच्या उताऱ्याशी ताळा घालणे, साडेआठ ते दहा' असे लिहावे. (पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब.) काम कुठे संपते हे लिहिलेले असले की मध्येच उठण्याचा मोह कमी होतो.

पट्टीच्या चौकशीचे फोन मात्र टाळू नयेत, कारण पलीकडच्या शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट त्या रकमेत असतात. त्यासाठी दुपारी चार ते पाच अशी वेळ ठरवून सर्वांना सांगावी, आणि त्या तासात उधारीच्या वह्या व पट्ट्या समोर ठेवून बसावे. ठरल्या वेळी हमखास उत्तर मिळते असा अनुभव आला की दिवसभर वाजणारे फोन आपोआप कमी होतात.

रोज निदान एक तास मोकळा ठेवावा. फेब्रुवारी-मार्चपासून नव्या हळदीची आवक वाढते, तेव्हा दोन तास ठेवणेच शहाणपणाचे आहे. हा वेळ वाया जातो असे मालकांना वाटू शकते. अचानक आलेली कामे त्याच तासात बसतात, हे त्यांना आठवड्याच्या नोंदी दाखवून समजावून सांगावे.

दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे वही पाहावी आणि राहिलेल्या कामापुढे 'नंतर' न लिहिता उद्याची नेमकी वेळ लिहावी. एकच काम सलग तीन दिवस पुढे ढकलले गेले, तर त्याचे लहान भाग पाडावेत किंवा ते कोणाकडे सोपवायचे, हे मालकांशी बोलून त्याच संध्याकाळी ठरवावे.