जुन्या अमेरिकी आमदार-खासदाराची नोंद लिहायची कशी?

चरित्रनोंदी लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. त्यात सगळ्यात जास्त चकवा दिला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी आमदार-खासदारांनी. नमुन्यादाखल आधी राज्याचा आमदार, मग खासदार झालेला टेक्ससचा सॅम रेबर्न घेऊ.

आधी सांगाडा उभा करा. अमेरिकी संसदेची सदस्य-सूची, म्हणजे 'बायोग्राफिकल डिरेक्टरी', घरबसल्या पाहता येते. जन्म ६ जानेवारी १८८२, टेनेसी. १९०७ पासून टेक्ससच्या प्रतिनिधिगृहात. ४ मार्च १९१३ ते १६ नोव्हेंबर १९६१, म्हणजे मरेपर्यंत, वॉशिंग्टनला, देशाच्या प्रतिनिधिगृहात.

आता त्या ४ मार्चकडे नीट बघा. निवडणूक झाली नोव्हेंबर १९१२ मध्ये. तेव्हा मुदत मार्चमध्ये सुरू व्हायची आणि नेहमीचं अधिवेशन थेट डिसेंबरात, म्हणजे निवडून आल्यावर तेरा महिन्यांनी. रेबर्नला इतकं थांबावं लागलं नाही, कारण अध्यक्ष विल्सननी एप्रिल १९१३ मध्येच खास अधिवेशन बोलावलं. जानेवारीत मुदत सुरू होण्याची पद्धत १९३५ पासूनची, विसाव्या घटनादुरुस्तीनंतरची. मी एका नोंदीत १९१० च्या खासदाराला खुशाल जानेवारीत शपथ देऊन टाकली होती. छापून झाल्यावर कळलं.

कागदपत्रांत '६३वी काँग्रेस' असं येईल. इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. सालावरून क्रमांक काढायचा तर सोपं आहे: सुरुवातीच्या सालातून १७८९ वजा करा, निम्मे करा, एक मिळवा. १९१३ चे येतात ६३.

राज्यातली वर्षं बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. मला तीच सगळ्यात रसाळ वाटतात. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा नियमित भरतं. रेबर्नच्या वाट्याला १९०७, १९०९ आणि १९११ अशी तीन अधिवेशनं आली. या सभागृहाची कामकाज-पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत, ती उघडा. टेक्ससच्या फॅनिन काउंटीतल्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा हा मुलगा आमदार झाला तेव्हा जेमतेम चोविशी-पंचविशीचा होता. राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, आमदारकी सांभाळत कायदा शिकला, १९०८ मध्ये वकिलीची सनद घेतली आणि १९११ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, सभागृहाचा स्पीकर झाला. त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रात 'स्पीकर रेबर्न' दिसलं की आधी साल बघा. १९११ चा ऑस्टिनचा, १९४० नंतरचा वॉशिंग्टनचा.

आणखी एक गोष्ट राज्याच्या कागदांतच सापडते. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, राज्यांची विधिमंडळं निवडत. १९०७ च्या जानेवारीत टेक्ससच्या आमदारांसमोर सिनेटर जोसेफ बेली यांच्या फेरनिवडीचा प्रश्न होता, तोही तेल कंपनीशी असलेल्या संबंधांवरून गदारोळ चालू असताना. नवख्या आमदाराला पहिल्याच महिन्यात राष्ट्रीय राजकारणाचा चटका बसायचा तो असा.

मतांचे आकडे जपून वापरा. त्या काळच्या टेक्ससमध्ये खरी लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उन्हाळ्यातल्या प्राथमिक निवडणुकीत व्हायची. नोव्हेंबर हा उपचार. शिवाय मतदानासाठी डोईपट्टी भरावी लागे, त्यात काळे आणि गरीब गोरे मतदार मोठ्या संख्येने गळत. नोव्हेंबरचा निकाल पाहून 'प्रचंड लोकप्रिय' लिहू नका.

वॉशिंग्टनमध्ये भाषणांपेक्षा समितीकडे बघा. 'काँग्रेशनल रेकॉर्ड', म्हणजे संसदेच्या कामकाजाची अधिकृत नोंद, त्यातलं प्रत्येक वाक्य सभागृहात बोललं गेलं होतंच असं नाही. सदस्यांना मागाहून मजकूर सुधारायची आणि वाढवायची मुभा असते. मतांचंही तसंच. कितीतरी प्रश्न आवाजी मतदानाने निकाली निघत, तिथे नाववार यादी शोधून उपयोग नाही.

रेबर्न १९३१ ते १९३७ आंतरराज्य आणि परदेशी व्यापार समितीचा अध्यक्ष होता. १९३३ चा रोखे कायदा, १९३४ चा शेअर बाजारांवरचा, १९३५ चा वीज कंपन्यांची मालकी हाती ठेवणाऱ्या होल्डिंग कंपन्यांवरचा, हे सगळे त्याच्या हातून गेले. पण क्रियापद तोलून वापरा. १९३३ च्या कायद्याचा मसुदा लँडिस, कोहेन आणि कॉर्कोरन या कायदेतज्ज्ञांनी घडवला. रेबर्नने तो समितीतून आणि सभागृहातून पार नेला. 'कायदा लिहिला' म्हटलं तर तिघांचं श्रेय जातं.

स्पीकरपदावर पोहोचलात की शोधायची जागा बदलते, कारण स्पीकरचं काम त्याच्या मतांत दिसत नाही. १२ ऑगस्ट १९४१ ला सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत वाढवणारं विधेयक २०३ विरुद्ध २०२ असं एका मताने तरलं. रेबर्नने निकाल झटकन जाहीर केला आणि फेरविचाराची वाट बंद केली. त्या दिवसासाठी मतदानाची यादी बाजूला ठेवा आणि त्यानंतरचं कामकाज ओळीने वाचा.